दुसरा पट्टा

धक्क्यावर उभं राहून लोकांना शहाणपण शिकवण्यात सफ्रोनचा हात धरणारं आमच्या गावात कोणी नव्हतं. देवळात पाद्रीबाबा प्रवचन करायचे आणि धक्क्यावर सफ्रोन. फरक इतकाच, की पाद्रीबाबांचं कधीतरी संपायचं. डॅन्यूबच्या मुखाशी जे असंख्य फाटे फुटतात त्यातल्या एका फाट्यावर आमची घरं. रस्ता नाही. दुकानाला होडी, दवाखान्याला होडी, माणूस मेला तरी शेवटची फेरी होडीतूनच. त्यामुळे ज्याच्या घरी होडीचं नवं इंजिन यायचं, तो ते घेऊन आधी सफ्रोनकडे. आणि सफ्रोनला तेवढंच हवं असायचं.

"हे बघा," तो सुरू करायचा, एक पाय धक्क्यावर आणि एक पाय होडीत, म्हणजे अगदी जसं उभं राहू नये तसा. "आधी गिअर न्यूट्रलमध्ये. मग दोरी ओढायची. गिअरमध्ये असताना ओढलीत तर होडी पुढे पळते आणि तुम्ही मागे पाण्यात बसता, काय? गिअर टाकताना वेगाची मूठ मंद. पुढून एकदम मागे नाही, मध्ये थांबायचं. नवी सूनसुद्धा उंबऱ्यावर जरा थांबते, तुम्हाला कसली एवढी घाई? चालत्या होडीत उभं राहायचं नाही. सरकायचंच असलं तर रांगत. आणि पाण्यात माणूस असला तर पंखा बंद. आधी मूठ, मग गिअर, मग देवाचं नाव. उलटं करू नका. देव थांबतो, पंखा थांबत नाही!"

त्याची बायको पेलागेया शेजारीच उलट्या खोक्यावर बसून मासे साफ करत असायची. हे प्रवचन ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. इंजिनाला मात्र तिने कधी बोटही लावलेलं नव्हतं, कारण सफ्रोनने लावू दिलं नव्हतं. "तू तुझे मासे बघ, पोल्या," तो म्हणायचा. "हे नाजूक काम आहे."

आता एवढा सगळा उपदेश करणाऱ्या माणसाने एक गोष्ट मात्र गाळली होती, ती म्हणजे लाल दोरी. इंजिनाच्या लाल बटणाखाली एक चाप बसतो, त्या चापाला ही वळ्यावळ्यांची दोरी असते, आणि दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याने अंगाला अडकवायचं असतं. माणूस पडला, दोरी ओढली गेली, चाप निघाला, इंजिन बंद. शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट. पण सफ्रोनचं याबाबतीत स्वतःचं धर्मशास्त्र होतं. आम्हा जुन्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांना बाप्तिस्म्याच्या दिवशी कमरेला विणलेला पट्टा बांधतात, आणि तो फक्त न्हाणीघरात उतरतो. पोर मोठं होतं, पट्टे बदलतात, पण कमर मोकळी राहत नाही. सफ्रोनच्या कमरेचा पट्टा पेलागेयाने लग्नात विणलेला, तांबडा-निळा, बोटभर रुंद.

"देवाने मला एकदा बांधलंय," तो पोटावर थाप मारून म्हणायचा. "आता इंजिनाच्या कारखानेवाल्याने परत कशाला बांधायचं? मी काय कुत्रा आहे?"

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण ज्याने ज्याने म्हणून ती दोरी अंगाला अडकवली असेल, तो होडीतून जाताना दिसला की सफ्रोन धक्क्यावरून भुंकायचा. खरोखर भुंकायचा, दाढी वर करून. "भू! भू! मालकाने बांधून पाठवलंय का रे?" सगळ्यात जास्त भुंकला तो नाउमवर. नाउम त्याचा कूम, म्हणजे सफ्रोनच्या मुलीचा, उलियानाचा, धर्मपिता. खालच्या गावात राहायचा, शांत माणूस, आणि दोरी न चुकता गुडघ्यावर बांधायचा. "भुंक बाबा," तो म्हणायचा. "भुंकणारा पाण्यात पडत नाही म्हणतात, बघू या."

सफ्रोनने स्वतःच्या इंजिनावर चाप जागच्या जागी ठेवून जाळ्याच्या सुतळीने गच्च आवळला होता, आणि वर पाऊस जाऊ नये म्हणून जुन्या बुटाचं चामडं गुंडाळलं होतं. मोकळी झालेली लाल दोरी पेलागेयाने स्वयंपाकघरात नेली. पातेल्याचं झाकण बांधायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

आता हे सगळं जुन्या इंजिनावर खपून गेलं, कारण जुनं इंजिन म्हणजे नुसता खोकला होता. बदकं पुढे निघून जायची. गावाबाहेरच्या वळणावर आमचं देऊळ लागतं, आणि देवळासमोरून जाताना आमच्यात रीत आहे: उठायचं, टोपी काढायची, उजव्या हाताच्या दोन बोटांनी क्रूस करायचा आणि कमरेतून वाकायचं. तीनदा. सफ्रोन ते वर्षानुवर्षं चालत्या होडीत करत आला. इंजिन वळवायचा दांडा सोडून तीन क्रूस, तीन नमस्कार, वर दाढी नीट करायलाही वेळ मिळायचा, आणि होडी तिथल्या तिथे. या वसंतात त्याने नवं इंजिन घेतलं, आणि पहिल्याच दिवशी त्याचाही चाप सुतळीने आवळून वर चामडं गुंडाळलं. मूठ पिळली की होडी नाक वर करून उधळायची. पण सफ्रोनला वाटलं, इंजिन बदललं म्हणून देव थोडाच बदलतो.

पेलागेयाला ते इंजिन पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. तिच्या लहानपणी तिच्या बापाची होडी एकदा मोठ्या तळ्यावरून आपली आपण वाहत परत आली होती. आत जाळं होतं, भाकरी होती, बाप नव्हता. ती हे कधी बोलायची नाही. फक्त होडीत बसली की दोन्ही हातांनी फळी धरायची.

त्या रविवारी खालच्या गावात उलियानाच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. पहिला नातू. खालच्या गावचे पाद्रीबाबा म्हणजे सूर्य थांबेल पण ते थांबायचे नाहीत. पेलागेयाने नातवासाठी पट्टा विणला होता, करंगळीएवढा, आणि तो रुमालात बांधून पोलक्याच्या आत ठेवला होता. होडीत माशाच्या सुपाचं मोठं पातेलं होतं, झाकण लाल दोरीने बांधलेलं. शिवाय कोबीच्या पिरोग्या, म्हणजे सारण भरून भाजलेल्या जाड रोट्या, आणि त्या कापायला सुरी.

"हळू चालव," ती म्हणाली. "मला आज नातवाला पट्टा बांधलेला बघायचाय. दुसरं काही बघायचं नाही."

"अगं, तू कोणाच्या होडीत बसलीस विसरलीस का? या सगळ्या फाट्यांना इंजिन मी शिकवलंय."

"तेच तर म्हणते. शिकवलंस."

सफ्रोन हसला आणि मूठ पिळली. हात आखडू नये म्हणून त्याने मुठीचा स्क्रू घट्ट केलेला होता. हात काढला तरी मूठ होती तिथेच राहायची, वेग होता तेवढाच. आणि दांड्याचा स्क्रू सैल, कारण घट्ट दांडा म्हणे म्हाताऱ्यांना लागतो. शिष्याने असं केलेलं दिसलं असतं तर त्याने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

वळण आलं. देवळाचे निळे घुमट काठच्या बोरूच्या रानावर दिसले. सगळं गाव आत प्रार्थनेला, बाहेर चिटपाखरू नाही, नुसता गाण्याचा आवाज. सफ्रोनला एकदम भरून आलं. आज नातवाचा बाप्तिस्मा, अंगात नवा सदरा, हाताखाली नवं इंजिन. तो उठला. डाव्या हाताने टोपी काढली. उजवा हात दांड्यावरून उचलला, दोन बोटं जुळवली आणि कपाळाला लावली.

"सफ्रोन, बस खाली—"

पोटापर्यंत बोटं पोचलीच नाहीत. मोकळा दांडा फटकन आडवा झाला, होडीने गर्रकन मान फिरवली, आणि सफ्रोन मात्र सरळ रेषेतच गेला. पाण्यात पडेपर्यंत दोन बोटं जुळलेलीच होती. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

वर आला तो दाढीत शेवाळ घेऊन, आणि पहिला विचार त्याच्या मनात आला तो असा: नाउमला कळता कामा नये. दुसरा विचार यायच्या आत त्याने होडी पाहिली.

होडी फिरत होती. दांडा एका बाजूला कलंडलेला, इंजिन बोंबलतंय, आणि काळी होडी एका कुशीवर झुकून घिरट्या घालतेय. घिरटी त्याच्याकडेच येत होती. तिला काय, जिथून सुटली तिथेच परत यायचं होतं. पुढच्या टोकावर बसलेली पेलागेया त्याला दिसली, दोन्ही हातांनी फळी धरलेली. मग काळी कड दिसली, आणि सफ्रोनने श्वास घेऊन बुडी मारली. डोक्यावरून पंखा गेला. तो आवाज पाण्याखाली कानात नाही, दातांत ऐकू येतो.

वर आला आणि ओरडायला लागला. आयुष्यभर शिकवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मूठ! गिअर! नाही, आधी— चामडं काढ! चामड्याखाली— सुतळी—" आणि निम्मी डॅन्यूब पोटात गेली. शिवाय त्या इंजिनाच्या बोंबेत तिला ऐकू काय जाणार, कपाळ! नवे बूट पाण्याने भरून खाली ओढत होते. काठावरचं बोरू समोर होतं, पण मध्ये होडीची वाट होती. बटण होतं, चाप होता, माणसाला वाचवायला जे जे हवं ते सगळं त्या इंजिनावर होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने गाठ मारून, वर चामडं गुंडाळून, बंद करून ठेवलं होतं. भुंक आता, सफ्रोन. भुंक ना! होडी परत आली. तो परत खाली गेला. या वेळी वर यायला उशीर झाला, कारण अंगात जोर नव्हता.

वर आला तेव्हा पेलागेया पुढच्या टोकावर नव्हती.

पडली, त्याला वाटलं. पडली ही पण. त्याचे हात हलवायचेच राहिले. मग होडीच्या कडेवर त्याला तिचा डोक्याचा रुमाल दिसला. ती रांगत होती. होडीच्या तळातून, कलंडलेल्या पातेल्यातून गळलेल्या सुपात, पिरोग्यांवरून, गुडघ्यांवर, मागे इंजिनाकडे. उभी राहिली नाही. तिने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि सरळ केला. आधी मूठ. इंजिनाची बोंब खाली आली. मग गिअर, पुढून मध्ये, आणि तिथेच थांबली. मग तिचे ओठ हलले. देवाचं नाव घेतलं असावं, नाहीतर सफ्रोनचं. एका नावाने ती सहसा प्रार्थना करायची आणि दुसऱ्याने शिव्या द्यायची, पण त्या दिवशी काय होतं कोण जाणे.

सफ्रोन हातपाय मारत होडीकडे यायला लागला.

"तिथेच थांब!" ती किंचाळली. "इंजिन अजून चालू आहे!"

आणि तो थांबला. शिष्यासारखा. तिने पिरोगीची सुरी घेतली, चामडं फाडलं, सुतळी कापली, चाप खेचून काढला आणि इंजिन गप्प झालं. देवळातलं गाणं परत ऐकू यायला लागलं. जणू काही झालंच नव्हतं.

होडीत चढायला त्याच्या हातात ताकद नव्हती. दोनदा कडेला लोंबकळला, दोनदा घसरला. शेवटी पेलागेयाने वाकून त्याच्या कमरेचा पट्टा मुठीत धरला, पाय फळीला टेकवले आणि पोतं ओढावं तसा त्याला आत ओढला. तो सुपात पालथा पडला.

तोंडात पाणी होतं तरी जीभ गप्प बसेल तर तो सफ्रोन कसला. "बघ," तो म्हणाला, "शेवटी पट्ट्यानेच वाचवलं की नाही?"

पेलागेयाने त्याला मारलं. आधी एक थप्पड, मग दोन्ही हातांनी, पाठीवर, खांद्यावर, जिथे बसेल तिथे. मग मारता मारता ती त्याच्या ओल्या पाठीवर कपाळ टेकून रडायला लागली.

"मला तू दिसत नव्हतास," ती म्हणाली. "होडी फिरून येत होती आणि पाण्यावर नुसती टोपी. मी होडीत आणि तू नाहीस. आणि मीच, मी बसलेली होडीच तुला कापणार होती. माझ्या बापाची होडी निदान मुकाट तरी आली होती रे मेल्या!"

 सफ्रोनने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघांच्याही अंगाला सुपाचा वास येत होता.

थोड्या वेळाने ती नाक पुसून उठली. पोलक्यातला रुमाल चाचपला. पट्टा जागेवर होता. तिने कलंडलेल्या पातेल्याच्या झाकणाची लाल दोरी सोडली, चापाला जोडली आणि त्याच्यापुढे धरली.

"बांध."

"पोल्या, तिथे धक्क्यावर सगळे उभे असतील. नाउम असेल."

"असू दे."

"मी त्यांच्यावर भुंकलोय गं."

"बांध म्हणते ना!"

त्याने बांधली. पट्ट्याला, डाव्या अंगाला, पक्की. तिने दोन बोटं घालून गाठ ओढून बघितली. मग त्याने गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना बघितलं, दोन्ही स्क्रू नीट केले, चाप बसवला, दोरी ओढली, आणि बसून, अगदी बसून, होडी हाकली. दारू सोडायची शपथ घेतलेला माणूस दुकानासमोरून जातो तसा.

खालच्या गावच्या धक्क्यावर सगळे होतेच. जावई, उलियाना, शेजारीपाजारी, आणि सगळ्यात पुढे नाउम, हात मागे बांधून. सफ्रोनला लांबूनच दिसलं की नाउमची नजर आधी त्याच्या गळणाऱ्या दाढीवर गेली, मग सदऱ्याला चिकटलेल्या कोबीवर, आणि मग कमरेच्या त्या लाल दोरीवर. नाउमने खोल श्वास घेतला.

सफ्रोनने मूठ मंद केली, गिअर मध्ये आणला, होडी धक्क्याला टेकू दिली, आणि दाढी वर करून स्वतःच भुंकला.

"भू! भू! बांधून आणलंय हो मला. चावत नाही."

धक्का हसण्याने हलला. जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. नाउमने हात दिला आणि त्याला वर ओढताना हळूच विचारलं, "कूम, कसं काय झालं?"

"क्रूस करत होतो."

"चालत्या होडीत?"

"दोन्ही हातांनी," सफ्रोन म्हणाला. "आधी देव, मग मूठ. तुम्हाला उलटं करू नका सांगतो ना, ते का सांगतो ते आज कळलं मला. माझ्या वर्गात एकच विद्यार्थी पास झाला, आणि तिला मी बसायला खोकं दिलं होतं." परत सगळे हसले. फक्त पेलागेया हसली नाही. तिने उलियानाला सूप सांडलं एवढंच सांगितलं आणि बाळ बघायला गेली.

सफ्रोनला जावयाचा कोरडा सदरा मिळाला, दोन बोटं आखूडच. पट्टा मात्र स्वतःचाच, ओलाच्या ओला, परत कमरेला. पाद्रीबाबा थांबले नव्हतेच, प्रार्थना सुरू झाली होती. सफ्रोन घाईघाईने पुरुषांच्या बाजूला, उजवीकडे, जाऊन उभा राहिला. बायका डावीकडे. आमच्या देवळांत ही रेघ कोणी ओलांडत नाही. पेलागेयाने तर उभ्या आयुष्यात ओलांडली नव्हती. चुकून तिकडे गेलेल्या दुसऱ्याच्या पोरींना दंडाला धरून परत आणणाऱ्यांतली ती.

बाळाला तीनदा पाण्यात बुडवलं. तिसऱ्यांदा वर काढताच त्याने असा टाहो फोडला की सगळ्यांना बरं वाटलं. छोटा क्रूस घातला, सदरा घातला, आणि मग करंगळीएवढा पट्टा त्याच्या पोटावरून फिरवून बांधला. सफ्रोन ते बघत होता. तेवढ्यात त्याला कमरेशी ओढ जाणवली.

पेलागेया त्याच्या मागे उभी होती. पुरुषांच्या बाजूला, मधोमध. त्याच्या पट्ट्याचं लोंबतं टोक तिच्या मुठीत होतं आणि मुठीतून पाणी गळत होतं. देवळाचा म्हातारा कारभारी तिला परत पाठवायला पुढे आला, त्याने तोंड उघडलं, तिचा चेहरा बघितला, आणि एक मेणबत्ती सरळ करून निघून गेला.

"पोल्या," सफ्रोन कुजबुजला, "लोक बघतायत."

ती समोर नातवाकडे बघत होती. "बघू दे."

मग जमिनीला कपाळ टेकायची वेळ आली. सगळे पुरुष खाली गेले. सफ्रोन वाकायला लागला आणि अर्ध्यातच अडकला. ती मूठ सोडत नव्हती. त्याने एकदा ओढून पाहिलं, मग ओढायचं सोडून दिलं. जरा थांबला, हळूच मागे सरकून तिच्या शेजारी आला, आणि दोघं एकदमच खाली वाकले.